उपाशी गोधडी

कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. हौसा खरं तेच सांगत होती, आणि अख्खी कवठवाडी हसत होती.

"पुस्तक गोधडीनं गिळलं," ती म्हणाली.

मंगळवारी आधी तिनं बायजाआत्याला सांगितलं. मग शाळेत वाघमारे बाईंना सांगितलं. मग पाणवठ्यावर बायकांनी विचारलं तेव्हा त्यांनाही सांगितलं. नऊ वर्षांची पोर, हाडं मोजून घ्यावीत अशी बारीक. फ्रॉकच्या कॉलरला सुई टोचलेली, कारण त्या फ्रॉकचं बटण कधी तुटेल याचा नेम नसायचा. डोळे मोठ्ठे करून सांगत होती बिचारी, आणि बायका घागरी खाली ठेवून पोट धरून हसत होत्या.

"गोधडीनं गिळलं म्हणे," बायजाआत्या म्हणाली. "बरं झालं बाई. उद्या चूल ढेकर देईल आणि परवा वरवंटा बाजाराला जाईल. पुस्तक कुठं टाकलंस ते सांग."

"आत्या, खरंच गं. आज दुपारी मी पुस्तक गोधडीवर ठेवलं आणि हात धुवायला उठले. वळून बघते तर गोधडीचा कोपरा उघडलेला. असा, तोंडासारखा. पुस्तक आत गेलं आणि कोपरा मिटला. गुटुक."

"गुटुक," आत्या म्हणाली. "ऐक रे सोपाना, तुझ्या लेकीचं ऐक."

सोपान म्हणजे हौसाचे वडील. हौसा त्यांना अण्णा म्हणायची. अण्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपारी पडले होते तसेच. ते वळले नाहीत आणि बोललेही नाहीत. हौसाची आई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून अण्णा असेच. कामाला जायचे, यायचे, ताटात पडेल ते खायचे आणि भिंतीकडे वळायचे. लोक म्हणायचे, "सोपान गरीब माणूस. कधी कुणाला वावगा शब्द नाही." शब्दच नाही, तर वावगा कुठून येणार?

आणि ते पुस्तक काही ऐरंगैरं नव्हतं. शाळेच्या कपाटात एकूण पुस्तकं अकरा, त्यात हे सगळ्यांचं लाडकं. निळ्या पुठ्ठ्याचं, सोनेरी कडांचं. आत सात बेटं, आणि प्रत्येक बेटावर एक गोष्ट. इतक्या पोरांनी इतक्या वेळा उलटलं होतं की पानं जुन्या लुगड्यासारखी मऊ झाली होती. दर आठवड्याला ते पुस्तक एकेका मुलाच्या घरी राहायला जायचं, पाहुण्यासारखं. वर्षभर वाट बघून हौसाची पाळी आली होती. पाच बेटं वाचून झाली होती. दोन राहिली होती.

वाघमारे बाई मायाळू होत्या. पण मायाळू माणसालाही गोधडीचं गिळणं पटत नाही. "शनिवारपर्यंत शोध बाळ," त्या म्हणाल्या. "नाहीतर कपाटाला कुलूप लागेल. पुस्तक हरवलं की कपाट बंद, असा वरून हुकूम आहे. मग कुणालाच पुस्तक नाही."

बायजाआत्या काही मायाळू नव्हती. ओढ्यापलीकडे एकटी राहायची, अंगावर पांढरं पातळ आणि जिभेवर मिरची. ती म्हणाली, "पुस्तकं हरवणारीला शाळा हवी कशाला? शनिवारी येते दावं घेऊन. चार शेळ्या आहेत माझ्या, त्या राखायला चल. शेळ्या कुणाचं काही गुटुक करत नाहीत."

शेळ्या सगळंच खातात, हे हौसाला ठाऊक होतं. तिनं अण्णांकडे बघितलं. एक शब्द. 'नको' एवढा एकच शब्द अण्णांनी बोलावा. भिंत बोलली असती एखाद वेळेस, अण्णा बोलले नाहीत.

तेव्हा हौसाच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं.

*

बुधवारी उजाडलं तेव्हा हौसा फुलांच्या मळ्यात होती. मळा दुसऱ्याचा. अण्णा तिथं मजुरीनं फुलं तोडायचे, आणि अण्णा उठले नाहीत की हौसा तोडायची. रडू आलं तरी फुलं तोडावीच लागतात.

शेवंती फुलली होती. पिवळीधमक, पांढरीशुभ्र, जांभळट, आणि एक हळदीत दूध सांडल्यासारखी. प्रत्येक पाकळीवर दवाचा थेंब, आणि प्रत्येक थेंबात एक पिटुकला सूर्य. सगळा वाफा असा लखलखत होता की कुणी चांदण्या पेराव्यात आणि त्या उगवून याव्यात.

कुंपणाच्या बाभळीत काहीतरी फडफडलं. पाखरू असेल म्हणून हौसा जवळ गेली, आणि तिच्या हातातली टोपली गळून पडली.

अंगठ्याएवढी परी होती ती. खरीखुरी. झगा शेवंतीच्या पाकळ्यांचा, केस कोवळ्या कणसाच्या केसांसारखे सोनेरी, आणि चतुराच्या पंखांसारखे आरपार पंख. त्यांतून सात रंग झिरपत होते. पण डावा पंख काट्यात अडकून उभा फाटला होता.

हौसाची बोबडी वळली. पण तिचे हात तिच्या तोंडापेक्षा शहाणे होते. त्यांनी काटा हलकेच वाकवला, परीला तळहातावर घेतलं, कॉलरची सुई काढली आणि फ्रॉकच्या काठाचा एक दोरा ओढला.

"थोडं दुखेल," हौसा म्हणाली.

"दुखू दे," परी म्हणाली. आवाज कसा, तर वाटीवर चमचा लागावा तसा किणकिणता. "पण टाका बारीक घाल. मला लांब उडायचंय."

हौसानं तांदळाच्या कणीएवढे बारीक टाके घातले. सात टाके. पंख सांधला, आणि टाक्यांच्या जागी एक केशरी रेघ उमटली, आधी नव्हती अशी.

"अगंबाई," परी पंख उघडमीट करत म्हणाली. "पहिल्यापेक्षा छान झाला की. कुणी शिकवलं?"

"आईनं. परीताई, तुझं नाव काय?"

"ते उच्चारायला मधमाशी व्हावं लागतं. तू परीताईच म्हण. डोळे का सुजलेत तुझे?"

"तूपण हसशील."

"सांगून तर बघ."

हौसानं सांगितलं. पुस्तक, गोधडी, गुटुक, शेळ्या, सगळं. परी हसली नाही. गाल फुगवून विचार करत बसली.

"गोधडीनं गिळलं, यात मला नवल वाटत नाही," ती म्हणाली. "पोट असलं की भूक असते. नवल याचं वाटतं, की ती उपाशी का?"

हौसा वाफ्याच्या बांधावर धपकन बसली. विश्वास ठेवणारं पहिलं माणूस भेटलं, तेही अंगठ्याएवढं.

परीनं गवताची एक काडी उपटली. काडीवर दवाचे तीन थेंब होते. एक पिवळा, एक गुलाबी, एक निळा. "ही तुझी तीन मागणी," ती म्हणाली. "थेंब तळहातावर घ्यायचा, मागणं बोलायचं, फुंकर घालायची. पण नेम आहेत हं. हातानं होण्यासारखं काही मागायचं नाही. घरात काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं घरात काय नाही ते मागायचं नाही. आणि शेवटचं मागणं स्वतःसाठी नाही. ज्यानं तुला रडवलं, त्याच्यासाठी."

"आत्यासाठी?" हौसाच्या कपाळाला आठी पडली.

"ज्यानं रडवलं त्याच्यासाठी, म्हटलं मी," परी म्हणाली.

"मग पहिलं मागते. आमचं घर फार घाण आहे गं. ते लख्ख करून दे." आणि परी 'थांब' म्हणायच्या आत हौसानं पिवळ्या थेंबावर फुंकर घातली.

फट्. थेंब फुटला. तळहातावर नुसता चिखल उरला.

"घर आवरायला काय लागतं?" परीनं हळूच विचारलं.

हौसानं चिखल पुसला. चेहरा शेंदरासारखा लाल झाला होता. "हात," ती म्हणाली.

*

आता त्या घराबद्दल सांगायलाच हवं. आई गेल्यावर त्या घराकडे कुणी बघितलं नव्हतं. वळणीवर दोन वर्षांचे कपडे लोंबत होते. कोनाड्यात काजळी, शिंकाळ्यात कोळ्याचं जाळं. चुलीजवळ कुठलं भांडं घासलेलं आणि कुठलं खरकटं, हे फक्त मुंग्यांना ठाऊक. जमीन सारवलेली आहे की नाही हे सांगता येत नव्हतं, कारण जमीन दिसतच नव्हती. आणि त्या घरात वस्तू नाहीशा व्हायच्या. लाकडी कंगवा गेला. उलथनं गेलं. अण्णांची एक चप्पल गेली. आत्याची मिश्रीची डबी गेली, त्याबद्दल हौसानं गालावर चापट खाल्ली. "पसाऱ्यात गेलं असेल," म्हणायचे सगळे. पसाऱ्यावर काहीही ढकलता येतं.

हौसानं शाळा सुटल्यावर फ्रॉक कमरेला खोचला आणि केरसुणी हातात घेतली.

बुधवारी तिनं भांडी काढली आणि राखेनं घासली. पितळेचा तांब्या इतका चकाकला की त्यात तिचं नाक बटाट्याएवढं दिसलं. गुरुवारी कपडे ओढ्यावर नेले. वळणी रिकामी झाली तेव्हा तिच्यामागं एक खिडकी सापडली. खरंच सापडली; आपल्या घराला तिथं खिडकी आहे हे हौसा विसरून गेली होती. तिनं ती ढकलली, आणि उन्हाचा एक सोनेरी पट्टा मांजरासारखा आत येऊन जमिनीवर लोळला. शुक्रवारी तिनं शेणानं जमीन सारवली आणि उंबऱ्यावर चार ठिपक्यांची रांगोळी काढली. चारच ठिपके, पण काय ऐट त्यांची.

ट्रंकेमागं आईचं चिंध्यांचं गाठोडं मिळालं. ते उघडलं तर काय. हिरवे, आंबेकलरी, जांभळे, मोरपंखी तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला आईच्या अंगाचा वास. हौसा तोंड खुपसून बसली किती तरी वेळ. मग तिला वाटलं, ह्याचं काहीतरी करावं. सुई हातात आली. तिनं अण्णांना डोक्यावर टोपली ठेवायला एक गुबगुबीत चुंबळ केली. पुस्तकासाठी एक पिशवी शिवली, निळी, सोनेरी नाडीची. पुस्तक नव्हतं तरी शिवली. उरलेल्या तुकड्यांचा एक बटवा झाला. तो कुणासाठी, ते तिला ठरवता येईना. बटव्याला मिश्रीची डबी मावेल एवढंच पोट होतं. "असू दे," ती स्वतःशी म्हणाली, आणि शिवता शिवता गुणगुणायला लागली. दोन वर्षांत त्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा आले. दारात थबकले. पाय कुठं ठेवावा कळेना, कारण कुठंही ठेवता येत होता. हौसानं चुंबळ पुढं केली. अण्णांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आईच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. ओठ हलले.

अण्णांनी चुंबळ खुंटीला अडकवली, जेवले, आणि भिंतीकडे वळले. भाकरी दीडच होती. अण्णांनी एक खाल्ली. उरलेली अर्धी कुणाला पुरेल, हे त्यांनी विचारलं नाही. हौसानं ती फडक्यात गुंडाळून ठेवली, आत्याकडे जायचं झालं तर वाटेत खायला.

पुस्तक मात्र कुठंच मिळालं नाही.

*

शनिवारी तांबडं फुटलं. एकच काम उरलं होतं: अंथरुणं झटकायची. हौसानं ट्रंकेतल्या तीन जुन्या गोधड्या अंगणात आणल्या आणि धुऊन काढल्यासारख्या झटकल्या. घडी घालताना बोटाला काहीतरी टोचलं.

पहिल्या गोधडीच्या एका कोपऱ्यात एक इवलीशी गाठ होती. वाटाण्याएवढी, कडक. दुसरीच्या एका कोपऱ्यातही तशीच. तिसरीच्याही.

आणि हौसाला एकदम आईचं बोट आठवलं. कवठवाडीत एक रीत होती. गोधडीचे तीन कोपरे शिवून झाले की चौथ्यात भाकरीचा किंवा पोळीचा घास ठेवायचा, आणि मग तोंड शिवायचं. आई त्या गाठीवर हौसाचं बोट टेकवून म्हणायची, "हे गोधडीचं पोट. भरलंय बघ. भरल्या पोटाची गोधडीच ऊब देते."

हौसा आत धावली. स्वतःची गोधडी ओढली. ती आईनं तिच्यासाठीच शिवायला घेतली होती, सात लुगड्यांची. आजारपणात हातून सुटली आणि नंतर दुसऱ्या कुणी पुरी केली. हौसानं चौथा कोपरा चाचपला. पुन्हा चाचपला.

सपाट. आत काही नव्हतं.

दोन वर्षं ती एका उपाशी जिवाला पांघरून झोपत होती.

"झाली का तयारी?" अंगणात आत्याचा आवाज आला. आत्या होती, हातात दावं होतं. मागं वाघमारे बाई होत्या, त्यांच्या हातात कपाटाचं कुलूप. अण्णा खाटेवर उठून बसले होते.

आत्या उंबऱ्यावरच थांबली. रांगोळी बघितली, तांब्या बघितला, खिडकी बघितली. "हे घर कुणाचं?" ती म्हणाली. जिभेवरची मिरची कुठं गेली कोण जाणे.

हौसानं सुईच्या टोकानं चौथ्या कोपऱ्याचे टाके उसवले, एक, दोन, तीन. कालपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. तरी तिनं अर्ध्या भाकरीचा एक घास मोडला आणि गोधडीच्या तोंडात ठेवला.

"हे काय करतेस गं?" आत्या म्हणाली.

गोधडी हलली.

बाईंच्या हातातलं कुलूप खाली पडलं. गोधडीच्या पोटातून गुडगुड गुडगुड आवाज आला, सातही लुगडी फुगली, आणि तिनं एक लांबलचक ढेकर दिला. त्याबरोबर बाहेर आला लाकडी कंगवा. मग उलथनं. मग अण्णांची चप्पल. मग आत्याची मिश्रीची डबी घरंगळत घरंगळत आत्याच्याच पायाशी थांबली. आणि सगळ्यात शेवटी, हलकेच, सोनेरी कडांचं निळं पुस्तक. त्याला साधा ओरखडा नव्हता. नुकतंच कुशीतून उठल्यासारखं कोमट होतं.

आत्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. बाईंनी पुस्तक उचलून छातीशी धरलं. "हौसा," त्या म्हणाल्या, "मी तुला खोटी समजले. चुकलं माझं."

आत्याला मात्र तोंड सापडलं. "तरीच," ती घाईघाईनं म्हणाली. "हिच्या आईची गोधडी. तिनंच उपाशी ठेवली. धांदरटच होती ती."

हे मात्र अति झालं. हौसाला शाळेवरून बोला, पुस्तकावरून बोला. आईवरून नाही. तिनं खिशातून गवताची काडी काढली, गुलाबी थेंब तळहातावर घेतला. "गोधडी बोलू दे," ती म्हणाली. "हे काही हातानं होत नाही." आणि फुंकर घातली.

अंगण गुलाबी झालं. मळ्याकडून एक ठिणगी उडत आली आणि तुळशीच्या मंजिरीवर टेकली. परी होती. डाव्या पंखावर केशरी रेघ.

आणि गोधडी बोलली. आवाज लुगड्याच्या सळसळीसारखा.

"हौसे, तीन कोपरे तुझ्या आईचे. तिचा टाका तांदळाच्या कणीचा. चौथा कोपरा तिचा नाही, बघ. दोन बारीक, एक लांब."

दोन बारीक, एक लांब. हा टाका कवठवाडीत एकीचाच. ती तो मिरवायची. सगळ्यांनी बायजाआत्याकडे बघितलं.

"तेराव्याचा दिवस होता," गोधडी म्हणाली. "चाळीस माणसं जेवून उठली. बायजानं रांधलं, बायजानं वाढलं, बायजानं खरकटं काढलं. मग मला पुरी करायला बसली. माझ्यासाठी पुरणपोळीचा घास तिच्या हातात होता. दोन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. 'बायजे, जेव' असं एकानंही म्हटलं नाही. तिनं घास माझ्या तोंडाशी आणला, आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग माझं तोंड शिवलं."

आत्या मटकन खाली बसली. दावं हातातून गळलं. "लाज वाटली," ती म्हणाली, इतक्या लहान आवाजात की तो तिचा वाटेना. "कुणाला सांगणार? गोधडीच्या तोंडचा घास खाल्ला म्हणून? त्या दिवसापासून या घरात पाय ठेवला की मला राग येतो. कुणावर, तेच कळत नाही."

हौसा उभी राहिली. तिला वाटलं होतं, खरं कळलं की आपण आत्याला चांगलं सुनावू. सगळं पाठ करून ठेवलं होतं. पण हात तोंडापेक्षा शहाणे. हातांनी उरलेली भाकरी आत्यापुढं धरली, आणि चिंध्यांचा बटवाही.

"आत्या, जेव," हौसा म्हणाली. "आणि हा बटवा घे. डबी मावते यात."

आत्यानं भाकरी खाल्ली. रडत रडत खाल्ली, पण सगळी खाल्ली. मग बटव्यावरून बोट फिरवत नाक ओढून म्हणाली, "टाका बरा आहे. लांब पाहिजे होता जरा."

"एक थेंब उरलाय," तुळशीवरून परी म्हणाली. "ज्यानं रडवलं त्याच्यासाठी."

"आत्याला देते," हौसा म्हणाली.

"नीट आठव. पाणी डोळ्यांतून कधी आलं?"

हौसानं आठवलं. पाणवठ्यावर बायका हसल्या तेव्हा नाही. आत्यानं चापट मारली तेव्हाही नाही. पाणी आलं ते भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीकडे बघताना.

ती खाटेजवळ गेली. निळा थेंब तळहातावर थरथरत होता. मोठ्या माणसाबद्दल असं मागावं का, ते तिला कळत नव्हतं. पण आता माघार घ्यायची नाही.

"अण्णांचं तोंड उसव," ती म्हणाली.

फुंकर. निळा उजेड अण्णांच्या ओठांवरून टाक्याटाक्यानं फिरला. अण्णांनी खोल श्वास घेतला, जसा पाण्याखालून वर आलेला माणूस घेतो.

"बायजे," ते म्हणाले. घोगरा आवाज, गंज चढलेला. "तेराव्याला मी दोनदा जेवलो. तू पातेलं घेऊन समोर उभी होतीस. तुझे पाय लटपटत होते. मला दिसत होतं."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

"आणि हौसे," अण्णा म्हणाले, "मंगळवारी मी झोपलो नव्हतो. कुशीवर वळलो होतो. गोधडीनं पुस्तक गिळलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. लोक मलाही हसतील म्हणून गप्प बसलो."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. बघितलं होतं. अण्णांनी बघितलं होतं, आणि चार दिवस तिला खोटी ठरू दिलं होतं.

अण्णा खाटेवरून उतरले आणि पोरीसमोर गुडघ्यांवर बसले. "तू शेळ्यांकडे जाणार नाहीस," ते म्हणाले. "शाळेत जाणार. हे चार दिवसांपूर्वी म्हणायला हवं होतं. तू जेवलीस का गं?"

"नाही," हौसा म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. अण्णांनी तिला जवळ घेतलं. मग उठून स्वतः चूल पेटवली. पिठात पाणी जास्त झालं, भाकरी वेडीवाकडी झाली, आणि ती सगळ्यांनी खाल्ली.

बाईंनी कुलूप उचललं आणि हौसाच्या हातात दिलं, किल्लीसकट. "कपाट आता तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "घर नीट ठेवणारीकडे पुस्तकं नीट राहतात." निळं पुस्तक निळ्या पिशवीत घातलं, सोनेरी नाडी ओढली. अगदी मापात बसलं.

हौसा परीकडे वळली. परी मंजिरीवर उभी होती, आणि तिचा पंख, तोच सांधलेला पंख, पेटल्यासारखा झळकत होता. केशरी रेघेतून उजेड सांडला. आधी मोहरीएवढा, मग झेंडूएवढा, मग अंगणाएवढा. गोधडीचे सातही रंग त्यात न्हाऊन निघाले. "बारीक टाका घालत जा," एवढंच किणकिणलं, आणि उजेड मिटला. तुळशीवर दवाचा थेंबही राहिला नाही.

आता दर रविवारी कवठवाडीची पोरं हौसाच्या घरी जमतात. खिडकीखाली गोधडी अंथरतात आणि पुस्तक वाचतात. उरलेली दोन्ही बेटं कधीच वाचून झाली, आणि आता पहिल्यापासून चाललंय. आत्या कोपऱ्यात बसून ऐकते आणि मध्येच म्हणते, "हं, पुढं."

आणि तिथली रीत थोडी बदलली आहे. गोधडीचं तोंड शिवायच्या आधी बायका आता मोठ्यानं विचारतात, "घरातली सगळी जेवली का?" उत्तर मिळाल्याशिवाय सुई हलत नाही. तरी एखाद्या घरात एखादा चमचा नाहीसा होतोच. मग कुणी पोरीला रागावत नाही, शिवणारणीला बोल लावत नाही, पसाऱ्यावर ढकलत नाही. ज्यानं बघितलं आणि जो गप्प बसला, त्याला शोधतात. आणि तो कुणीही असो, कवठवाडीत त्याला एकाच नावानं हाक मारतात. सोपान.